राजाच्या बांकावर ट्रक

दशावतारात सिंहासन नसते. एक लाकडी बांक असतो, पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दुकानाबाहेर असतो तसला. त्यावर राजा बसला की ते सिंहासन, राणी आडवी झाली की पलंग, ऋषी उभा राहिला की डोंगर, आणि दोघे जण पुढे-मागे बसून हलू लागले की रथ. देखावे नाहीत, रंगीत पडदे नाहीत. बाकीचे सगळे तोंडाने उभे करायचे. मी पंचेचाळीस वर्षे त्या बांकावर राजा म्हणून बसलो. पेडणे तालुक्यात असे देऊळ नाही ज्याच्या पटांगणात मी राज्य केले नाही. एक दिवस तसल्याच बांकाचा खनिजाचा ट्रक होईल आणि मी त्यात क्लीनर असेन, हे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला मिशीला पीळ देऊन हाकलून दिले असते.

नाटकवाले नसलेल्यांसाठी आमचा धंदा थोडक्यात सांगतो. आमच्याकडे लिहिलेले नाटक नसते. मालक सगळ्यांना तोंड रंगवताना गोष्ट सांगतो, हा राजा, ही राणी, हा राक्षस, शेवटी युद्ध. दहा मिनिटांत संपले. पुढे पाच तास जो तो आपला आपण बोलतो. माझी शाळा मराठी तिसरीपर्यंत, पण मी बोलू लागलो की पुढच्या रांगेतले मास्तर मान डोलावीत. हे मी अभिमानाने सांगतो, कारण दुसरे सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

या धंद्याचे कायदे दोनच. प्रवेश घेतलास की आधी ओळख द्यायची, मी कोण, कुठल्या नगरीचा, कशासाठी आलो. आणि दुसरा, समोरच्याचे सोंग मोडायचे नाही. तो म्हणाला हे अरण्य, की अरण्य. मग तुला समोर म्हातारी शेंगदाणे सोलताना का दिसेना.

गुडघे गेले तेव्हा मी कोरगावला घरी बसलो. काजूच्या बिया वाळत घालायच्या आणि माकडांना शिव्या द्यायच्या, एवढे काम. तिथे एक दिवस अपर्णाबाई आल्या. तिशीची मुलगी, खांद्याला झोळी. डिचोलीकडे रस्त्यावर सापडलेल्या माणसांसाठी एक आसराघर आहे, म्हणाल्या. ज्यांचे मन बिघडले, घर सुटले, नाव-गाव सांगता येत नाही, अशी माणसे. डॉक्टर पंधरा दिवसांनी येतात, गोळ्या रोज असतात. आणि या बाई त्यांच्याकडून चित्रे, गाणी, मातीकाम करून घेतात. कलोपचार म्हणतात त्याला.

मी म्हटले, "म्हणजे खेळ पायजे. किती माणसां बघूक?"

"बघायला कोणी नाही, आबा. करणार ते. तुम्ही फक्त सोबत."

"पंचेचाळीस वर्सां राजा केलंय मी. आता सोबत?"

"म्हणूनच आले. राजाला बाकीच्यांना उभे करता येते ना?"

पोरगी हुशार. दुसऱ्या मंगळवारी मी मुकुट पिशवीत घालून एसटी... आमच्याकडे कदंबा म्हणतात, ती धरून डिचोलीला गेलो. हट्टाने गेलो, चार पोरखेळ बघून परत येईन म्हणून.

पहिल्याच दिवशी माझा मुकुट गेला. तिथे शांताबाई म्हणून एक होती. नाव शांता, पण सकाळपासून ओरडत असायची, भिंतीवर, भांड्यांवर, देवावर. तिने माझ्या डोक्यावरचा मुकुट उचलला, आपल्या डोक्यावर घातला आणि तिथे आमच्यासारखाच एक बांक होता, त्यावर मांडी घालून बसली. मी "राणीसाहेब" म्हणून हात जोडले. करणार काय? सोंग मोडायचे नाही.

"पेज हाडा!" ती गरजली.

स्वयंपाकीण जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बघत होती. तिला कायदा-बियदा काही ठाऊक नव्हता. पण ती खरीच पेज घेऊन आली, वर कैरीचे लोणचे, आणि बांकापुढे वाकून म्हणाली, "घेवा, बाय." शांताबाईने पेजेकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. मग शेवटच्या घोटापर्यंत एक शब्द न बोलता प्यायली. अपर्णाबाई माझ्या कानात म्हणाल्या, "ती इथे आल्यापासून तिला काय हवे ते तिने पहिल्यांदा मागितले, आबा. आणि मिळाले." पंचेचाळीस वर्षे मी तसल्या बांकावरून हुकूम सोडले होते. एकदाही खरी पेज आली नव्हती.

मग मी मंगळवार आणि शुक्रवार चुकवला नाही.

आता केरीकराचे सांगतो. त्याच्यासाठीच हा लेख. केरीच्या समुद्राकडे, जिथे तेरेखोलची नदी मिळते, तिथे फेरीबोटीचा धक्का आहे. त्या धक्क्यावर हा माणूस दोन वर्षे बसून होता. पावसात, उन्हात, पलीकडे तोंड करून. फेरीवरची माणसे चहा-पाव देत. मग त्याला आसराघरात आणले, आणि नाव सांगत नव्हता म्हणून तिथे केरीकर झाला. वय पन्नाशीचे, दाढी वाढलेली, मनगटे जाड. खुर्चीवर बसत नसे, खाटेवर झोपत नसे. गेटाशी उकिडवा.

मी जाऊ लागल्यावर तीनेक महिन्यांनी एकदा बांक रिकामा होता. केरीकर उठला. सदऱ्याच्या टोकाने त्याने बांकाची फळी पुसली. बांकाला एक फेरी मारली आणि चारही पायांना एकेक लाथ हाणली. मला वाटले, मोडतो आता. मग तो बसला, पण मध्ये नाही. उजव्या कडेला, डावीकडे ऐसपैस जागा ठेवून. दोन्ही हात पुढे धरले. हातांना बारीक थरथर आली. ती अंगातून आलेली नव्हती, कुठल्यातरी यंत्रातून वर आली होती. डावा हात खाली गेला, परत वर.

"सुर्ल्याचो उतार," तो म्हणाला. "ब्रेक धर."

अपर्णाबाईंनी माझे कोपर घट्ट धरले. तो माणूस आसराघरात आल्यापासून कोणी त्याचा आवाज ऐकलेला नव्हता.

तेव्हा कळले. लाथा मारल्या त्या चाकांना. हवा बघितली. हा सुर्ल्याच्या खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार ट्रक निघू लागला. सुर्ला, साखळी, डिचोली. वळण आले की तो वळे, देऊळ आले की अंगठ्याने दोनदा हॉर्न. मी देवळे ओळखत होतो, सगळ्यांच्या पुढ्यात नाचलो आहे. अस्नोडा गेले, पेडणे गेले, आणि प्रत्येक खेपेला ट्रक केरीच्या धक्क्यावर येऊन थांबे.

"फेरी इली नाय," तो म्हणे. चावी फिरवी, उतरे, आणि गेटाशी जाऊन बसे.

मला पटेना. खनिजाचा ट्रक केरीला कशाला? माल नदीवर बार्जीत, त्या सपाट मालबोटीत, जातो, समुद्राकडे नाही. मी अपर्णाबाईंना म्हटले, "हो काय तरीच बडबडता." त्या म्हणाल्या, "बडबडत नाही, आबा. तो घरी चाललाय. घर पलीकडे आहे."

पलीकडे म्हणजे तेरेखोल, आणि मग लागते सिंधुदुर्ग, म्हणजे दुसरे राज्य. खाणीवर राबणारे अर्धे तिकडचेच. त्याच्या बोलण्याला हेल मालवणी होता, आणि माझ्या मात्र ते लक्षात आले नव्हते. मला लाज वाटली. आणि माझा स्वभाव असा की लाज वाटली की मी पुढे उडी घेतो.

पुढच्या शुक्रवारी ट्रक धक्क्यावर थांबला. मी मुकुट चढवला, बांकासमोर जाऊन उभा राहिलो आणि पोटातून आवाज काढला, "हे सारथ्या! तू कोण? कुठल्या नगरीचा? तुझे नामाभिधान काय?"

मला वाटले, आता सांगेल. रंगभूमीवर आजवर प्रत्येकाने सांगितले आहे. तो तर कायदाच.

त्याच्या हातातले चाक गळाले. मी शपथेवर सांगतो, मी ते पडताना पाहिले. त्याने माझ्याकडे बघितले तेव्हा तोंड असे झाले होते, जसे कोणी चोरी करताना धरावे. तो उतरला आणि गेला. त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. बांकाकडे पाठ करून बसू लागला.

अपर्णाबाई मला पहिल्यांदा रागावल्या. "आबा, तुम्ही त्याला चालत्या गाडीतून खाली ओढलंत."

"आमच्या धंद्यात ओळख दिल्याबिगर प्रवेश नाय!"

"आणि समोरच्याचे सोंग मोडायचे नाही, हे कुणाच्या धंद्यात? तुम्हीच शिकवलंत मला."

मी मुकुट पिशवीत कोंबला आणि निघून आलो. आठ दिवस गेलो नाही. ती कोण मला शिकवणार, असे माकडांना ऐकवत बसलो.

पण मला दुसराच माणूस दिसू लागला. आमच्या मंडळात विश्राम नावाचा झांजवाला होता. चांगला हात. एका हंगामात तो खेळ संपल्यावरही झांज थांबवीना. मग जेवताना आपल्याशी बोलू लागला. आम्ही हसायचो. एका गावच्या जत्रेनंतर सकाळी गाडी भरली तेव्हा विश्राम नव्हता. देवळामागे बसलाय, कोणीतरी म्हणाले. मी मंडळाचा व्यवस्थापक. पुढचे गाव लांब होते. मी म्हटले, येईल मागून. तो आला नाही. मी चौकशी केली, पण पुढच्या हंगामात. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितले नव्हते, आणि आता छापून देतो आहे.

नवव्या दिवशी मी डिचोलीला गेलो. मुकुट घरी ठेवून.

गेलो आणि बांकाच्या डाव्या कडेला बसलो. राजाला कडेला बसणे जड जाते, मधे बसायची सवय. शांताबाई येऊन म्हणाली, "राजा, तुजें राज्य खंय गेलें रे?" मी म्हटले, "विकलें." असे पाच आठवडे. केरीकराची पाठ आणि मी.

सहाव्या आठवड्यात मी बांकामागे जाऊन उभा राहिलो. आमच्या कोरगावात ट्रक मागे घेताना क्लीनर काय करतात ते मी बघितलेले होते. पत्र्यावर थाप मारतात. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. मी फळीवर दोनदा हात मारला आणि ओरडलो, "येव दी, येव दी... डावीक काप... येव दी!"

केरीकराची मान वळली. "डावीक नाय रे," तो चिडून म्हणाला. "डावीक गटार आसा."

तो आला. चाकांना लाथा मारल्या. उजवीकडे बसला, आणि मी डावीकडे. ट्रक निघाला. क्लीनर होण्यात एक सोय आहे. ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचे नसते. दोघांनी पुढे रस्त्याकडे बघायचे. प्रश्न विचारायचे नसतात, फक्त आरसा आणि मागची गाडी सांगायची. तो आपोआप बोलू लागला. खाण बंद पडली ते. ट्रक गेला ते. खोलीत एकटा असताना आवाज येऊ लागले ते. धक्क्यावर आलो तेव्हा म्हणाला, "पलीकडे माजी भयण आसा. थोरली. तिच्याकडे मी कधीच पोचलंय."

मी आरशात बघत राहिलो.

"खरो मी तो थय पोचलो. जेवता, खाता, तिच्या घरात रवता. हो हय बसलोहा तो सोंग. आता ह्या सोंगान थय जावन सांगूचा काय? मी कोण म्हणान?"

या माणसाला मी मुकुट घालून विचारले होते, तू कोण.

मग मी धंद्यातलेच बोललो. आमच्या गोष्टींत हे नेहमीचे असते. मायावी राक्षस राजाचे रूप घेऊन गादीवर बसतो आणि खरा राजा रानोमाळ भटकतो. शेवटी दोघे समोरासमोर येतात. मी पुढे रस्त्याकडे बघत म्हटले, "दोघांतलो खरो कोण ता माका ठावक आसा. पंचेचाळीस वर्सां बघतंय. लवकर पोचता तो मायावी. खरो उशिरा येता."

त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले. मग म्हणाला, "फेरी इली."

आणि बांकावर बसल्याबसल्याच ट्रक फेरीवर चढला. पलीकडे उतरला, किल्ल्याचा चढ चढला, रेडीकडे वळला, एका माऊलीच्या देवळाला दोन हॉर्न दिले, आणि एका घाटीखालच्या मांगरापाशी, शेतातल्या घरापाशी, थांबला. त्या देवळापुढे मी राक्षस मारला होता. रस्ता मला तोंडपाठ.

डॉक्टरांना कळले तेव्हा ते म्हणाले, "आबा, पुढच्या वेळी असले बोलण्याआधी मला विचारा." मी हो म्हटले. त्यांचे बरोबर आहे. गोळ्या होत्या म्हणूनच त्याला माझे ऐकू येत होते, आणि हे त्यांनीच त्या दिवशी मला समजावून सांगितले. मी फुशारकी मारत नाही. आता तो कसा आहे तेही इथेच सांगून टाकतो, मागून विचारू नका. गोळ्या चालू आहेत. काही दिवस बरे, काही वाईट. एका वाईट पंधरवड्यात त्याला आसराघरात परत आणावे लागले होते. पण बहिणीकडे गेला तो माणूस म्हणून गेला.

मी सांगितलेल्या रस्त्याने अपर्णाबाई त्या मांगरापाशी जाऊन आल्या. बहीण होती. भाऊ हरवल्याचे तिने पोलिसांत सांगितले होते, पण तिच्या राज्यात, सिंधुदुर्गात. सुर्ल्याला दोनदा येऊन गेली होती, बसने, मोठ्या रस्त्याने. धक्क्याकडून कधी आलीच नाही. तो नदीच्या या काठाला बसून राहिला आणि ती वळसा घालून त्याला शोधत फिरली.

बाई म्हणाल्या, "बहिणीला इथे आणू."

"नाय," मी म्हटले. "पात्राक आतून ओढून हाडूचा नसता. प्रवेश त्याणां घेवक होयो."

"तो फेरीवर घाबरला तर?"

"मी आसय मरे."

"तुम्ही होतात म्हणूनच मागच्या वेळी घाबरला, आबा." हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या. मग आमचे ठरले. बांकही न्यायचा.

सकाळची वेळ होती. आसराघराच्या गाडीतून आम्ही केरीला उतरलो. धक्क्यावरच्या माणसाने लगेच ओळखले. "आरे, हो आमचो न्हय? केस कापल्यार न्हवरो दिसता!" मग बांक बघून, "आनी हें कितें? लग्न आसा?"

"ट्रक," मी म्हटले. "जागो दी."

फेरीच्या पत्र्यावर, पर्यटकांच्या स्कूटरींच्या मधोमध मी बांक ठेवला. डाव्या कडेला बसलो. फळीवर दोनदा थाप मारली.

केरीकर आला नाही. धक्क्याच्या उतारावर, पाणी पायाला लागते तिथे उभा राहिला. दोन वर्षे तिथेच होता तो. फेरीवाल्याने भोंगा दिला. "बाबा, वेळ जाता!" मी परत दोनदा थाप मारली. हात दुखेपर्यंत. स्कूटरवाले हसणे थांबवून बघू लागले. अपर्णाबाई त्याच्याजवळ उभ्या होत्या, पण हात लावला नाही त्यांनी.

मग तो बोलला. माझ्याकडे बोट करून, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"तू कोण?"

मी उभा राहिलो. सवयच ती. पाय रुंद झाले, छाती पुढे आली. मी आयुष्यात किती नगरींचा राजा होतो त्याला गणती नाही, आणि एकेका नावावर टाळी घेतली आहे. तोंड उघडले. एकही नगरी आठवेना. त्या पत्र्यावर मी घामाने भिजलेला म्हातारा उभा होतो, आणि मला कळले की हा प्रश्न किती मोठा आहे.

"क्लीनर," मी म्हटले.

"खयच्या गाडयेचो?"

"तुज्या."

तो पाण्यातून चालत आला. बांकाच्या चारही पायांना लाथ मारली, सावकाश, एकेक. उजव्या कडेला बसला.

"दार लाव," म्हणाला.

मी दार लावले. नव्हते ते दार मी लावले, आणि ते लागल्याचा आवाज त्या फेरीवरच्या सगळ्यांनी ऐकला, असे मला आजही वाटते. फेरी सुटली. तो दोन्ही हात पुढे धरून, नजर पलीकडच्या काठावर ठेवून ती नदी चालवत होता. मी आरशात बघितले आणि सांगितले, "मागे कोण नाय."

पलीकडे बहीण उभी होती. साठीची, नऊवारी खोचलेली, हातात काही नाही. बाईंनी तिला बजावले होते, नाव विचारू नका, ओळखलेस का म्हणू नका, रडू नका. तिने यातले काही केले नाही. फेरीची फळी खाली पडली, तो उतरला, तिच्यापुढे जाऊन मान खाली घालून उभा राहिला. ती चिडून, जशी रोजच्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा आलेल्या भावावर बहीण चिडते तशी, म्हणाली, "कितको उशीर केलंस रे बाबू!"

त्याने मान वर केली. तिच्याकडे नाही, मागे वळून माझ्याकडे बघितले.

"आयकलंस?" तो म्हणाला.

मी मान हलवली.

फेरीला परत जायचे होते. मी बांकावर तसाच बसून होतो, डावीकडे. तो चार पावले मागे फेरीवर आला, वाकला आणि आपल्या जाड हाताने बांकावर थाप मारली. एक. मग दुसरी.